हौसाक्का अस्वल आणि सरळ पाठीचा कातळ

एका जंगलात हौसाक्का अस्वलाचं म्हणणं कोणीही खरं मानलं नाही. एकदा नाही, दोनदा नाही, चांगलं सतरा वेळा. ती खरंच बोलत होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे शेवटी तुम्ही "अय्या, खरंच की!" म्हणून तोंडावर हात ठेवायला नको.

मागच्यांनो, नीट बसा. गोष्ट पाठीची आहे.

हौसाक्का जंगलात अंग चोळून द्यायची. वीस वर्षं. जांभळीखाली तिची जागा होती. रानडुकराची मान धरली, सांबराचा खांदा भरला, साळिंदराची कंबर लचकली, की सगळे तिच्याकडे. साळिंदराची कंबर चोळायची म्हणजे काय असतं, ते करून बघा मग कळेल. नखं वर धरायची, पंजाची गादी टेकवायची, दोन ओव्या म्हणेपर्यंत हलायचं नाही. आतली गाठ आपसूक सुटायची. पेशंट घोरायला लागायचा. मग त्याला एक चापट मारून उठवायची.

"उठ मुडद्या, पुढचा नंबर आहे."

असं छान चाललं होतं.

मग थंडीत परदेशातून एक करकोचा आला. पांढरा सदरा, लाल चोच, लाल पाय. तो एका पायावर उभा राहायचा आणि दुसरा पाय पोटाशी घ्यायचा. तासन्‌तास हलायचा नाही. जंगलाला वाटलं, केवढं हे ज्ञान!

करकोचेसरांनी नदीकाठच्या कातळावर "सरळ पाठ प्रशिक्षण केंद्र" काढलं. मागच्या दरडीवर चुन्याने उभ्याआडव्या रेघा मारल्या. चौकटीच चौकटी. खालची पहिली रेघ कातळाला धरून मारली आणि बाकीच्या तिच्यावरून. उद्घाटनाला वाघमहाराज आले. कातळाच्या मधोमध उभे राहिले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांच्या भरात महाराजांनी हुकूम काढला :

"यापुढे प्रमाणपत्राशिवाय कोणी कोणाच्या पाठीला हात, पंजा, सोंड किंवा शेपूट लावायचं नाही."

हौसाक्का मागे उभी होती. तिला दुसरं काही येत नव्हतं. मध काढता यायचा, पण तो सगळ्याच अस्वलांना येतो. तिचे पंजे बंद म्हणजे ती बंद.

म्हणून तिने वर्गात नाव घातलं. चौथीपर्यंत शिकलेली बाई, या वयात पहिल्या बाकावर जाऊन बसली.

पहिले आठ दिवस करकोचेसरांनी हात शिकवला. तो चांगला शिकवला, हे कबूल केलं पाहिजे.

"कातडीच्या खाली एक पातळ पापुद्रा असतो," सर म्हणाले. "डोक्यापासून टाचेपर्यंत सलग. तो एका जागी आखडला की सगळं अंग ओढलं जातं. त्याच्यावर हलका दाब द्यायचा, आणि थांबायचं. रगडायचं नाही. तो स्वतः सैल होतो. याला म्हणतात मायोफेशियल रिलीज."

"हे तर मी करतेच," हौसाक्का म्हणाली. "दोन ओव्या म्हणेपर्यंत थांबते."

"ओव्या नाही बाई. नव्वद सेकंद."

"दोन ओव्यांना तेवढंच लागतंय सर."

"लागत असेल. पण ते शास्त्रीय नाही."

वर्ग हसला. कुंदा माकडीण सगळ्यात मोठ्याने हसली. ती सरांची लाडकी. सर शिंकले तरी ती वहीत लिहून घ्यायची.

नवव्या दिवशी पाठीची तपासणी सुरू झाली. पेशंटला कातळावर उभं करायचं, लांबून बघायचं, आणि त्याची पाठ चुन्याच्या रेघेला समांतर आहे का ते वहीत मांडायचं.

पहिलं उभं राहिलं रानडुक्कर. ते रेघेच्या उजवीकडे कललेलं निघालं.

मग सांबर. उजवीकडे.

मग मुंगूस. उजवीकडे. मग मोर, साळिंदर, कासव. सगळे उजवीकडे.

"साथ आहे!" सर एका पायावर थरथरले. "अख्ख्या जंगलाची उजवी कूस आखडलीय! मी वेळेवर आलो."

हौसाक्का उठली. कातळावर गेली. चारही पाय टेकवून उभी राहिली. मग नदीच्या बाजूला बघितलं, दरडीच्या बाजूला बघितलं.

"सर, कातळाला उतार आहे. डावी बाजू नदीकडं वीतभर खाली गेलीय. जनावर सरळच उभं राहतंय. तुमच्या रेघाच डावीकडं कलल्यात."

कुंदा फस्सकन हसली.

"बाई, तुमची इयत्ता कितवी?" सरांनी विचारलं.

"चौथी."

"मग बसा."

"तुम्ही दोन पाय टेकवून बघा की. एका पायावर उभं राहणाऱ्याला उतार कसा कळंल?"

"मी गेली अकरा वर्षं एका पायावर उभा आहे," सर म्हणाले. "तीन देशांत. कुठेही तक्रार आली नाही."

हौसाक्काने नदीतून ओंजळभर पाणी आणून कातळावर ओतलं. पाणी सुळकन डावीकडे पळालं आणि नदीत पडलं.

"बघा!"

"पाण्याला नदीची ओढ असते," सर म्हणाले. "त्यात विशेष काय?"

कुंदाने ते वहीत लिहून घेतलं.

मग परीक्षा आली. प्रत्येकाला एक पेशंट मिळाला. त्याची पाठ रेघेला लावून दाखवायची, की प्रमाणपत्र. हौसाक्काच्या वाट्याला तात्या गवा आला. तात्या म्हणजे गव्यांच्या कळपाचा म्होरक्या. एवढा थोरला, काळा, कातळावर चढला की कातळ लहान दिसायचा.

हौसाक्काने त्याचा खांदा दाबला, कंबर दाबली, मानेवरून पंजा फिरवला. कुठे गाठ नाही, कुठे ओढ नाही.

"कसं वाटतंय तात्या?"

"मला काय धाड भरलीय? कळपातल्या बायकांनी पाठवलं म्हणून आलो."

उजव्या कुशीवर चार दिवस पंजा दाबून धरला असता तर तात्या डावीकडे कलला असता, रेघेला लागला असता आणि हौसाक्का पास झाली असती. एवढंच करायचं होतं. वीस वर्षांचं काम वाचलं असतं. तिने पंजा उचलला. तात्याच्या कुशीवर ठेवला. एक ओवी म्हणून झाली. मग पंजा काढून घेतला.

"चांगल्या जनावराला वाकडं करायला माझा पंजा वळत न्हाई," ती म्हणाली आणि पेपरावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : तात्या सरळ आहे.

सरांनी त्याच्यावर शून्य काढलं.

तात्या कुंदाला दिला. कुंदाचा हात खरंच चांगला होता. तिने चार दिवसांत तात्याची उजवी कूस अशी सैल केली, की तात्या बरोब्बर रेघेला लागला. टाळ्या. कुंदा पहिली आली. मग तिने आणि बाकीच्या पास झालेल्यांनी मिळून रानडुक्कर, सांबर, मोर असं एकेकाला रेघेला लावलं.

हौसाक्का जांभळीखाली एकटी बसून राहिली. समोरून जनावरं जात होती. सगळी डावीकडे कललेली. कोणी तिच्याजवळ थांबत नव्हतं. हुकूमच तसा होता.

तिसऱ्या दिवशी तात्या कळपाला घेऊन वरच्या कुरणाकडे निघाला. थोड्या वेळाने तो परत आला.

"काय तात्या, चारा संपला?"

"कुरणाकडं चाललोय."

"हे जांभूळ आहे."

"ते दिसतंय मला!" तात्या भडकला आणि पुढे गेला. मागे बावीस गवे. थोड्या वेळाने पुन्हा आला. मग पुन्हा. नाकासमोर चाललं तरी डावीकडेच वळत होता बिचारा. चौथ्या खेपेला सगळ्यात मागची म्हातारी गवीण हौसाक्काला म्हणाली, "आक्का, आमचं काय चुकतंय गं?"

हौसाक्काने जांभळीत वर बघितलं. तिथे येसाजी वटवाघूळ झोपला होता. त्याचं खाणं म्हणजे जांभळं आणि काम म्हणजे लोंबणं.

"येसाजी, उठ. माझ्यासंगं चल."

"दिवसा?" येसाजीने एक डोळा उघडला. "आक्का, मला दिवसा कायबी दिसत न्हाई."

"तुला बघायचं न्हाई. लोंबायचं आहे."

कातळावर उंबराची एक फांदी आली होती. येसाजी तिला जाऊन लटकला. पंख मिटले, अंग सैल सोडलं आणि पुन्हा झोपला. मागे चुन्याच्या रेघा. त्याचे पाय एका चौकटीत आणि डोकं शेजारच्या चौकटीत.

"आता बोला," हौसाक्का कमरेवर पंजे ठेवून सरांना म्हणाली. "पिकलं फळ जसं खाली पडतं तसा हा लोंबतोय. त्यात त्याची काय हुशारी न्हाई की लबाडी न्हाई. ह्याच्यापेक्षा सरळ काय असतंय? मग रेघ का जुळंना?"

करकोचेसरांनी मान तिरकी करून बघितलं.

"याचीही उजवी कूस आखडलीय."

"सर," कुंदा हळूच म्हणाली, "तो उलटा आहे. म्हणजे डावी ना?"

"म्हणजे दोन्ही!" सर ओरडले. "फार गंभीर केस आहे. येसाजी, नीट सरळ लोंब."

"सर, मला दुसऱ्या तऱ्हेनं लोंबता येत न्हाई," येसाजी झोपेत म्हणाला.

दोन मुंगसांनी त्याला दोन्हीकडून धरून रेघेला लावला. सोडला की तो परत होता तिथे. शेवटी सर म्हणाले, "शिस्त नाही," आणि विषय संपला.

संपला असताही. पण त्याच आठवड्यात वाघमहाराजांनी पाठ सरळ करून घेतली. कुंदाने स्वतः केली, रेघेला लावून. दुसऱ्या दिवशी महाराजांनी एका भेकरावर झेप घेतली. भेकर उजवीकडे होतं. महाराज डावीकडे करवंदीच्या जाळीत पडले. भेकर जागचं हललंसुद्धा नाही. उभं राहून बघत होतं.

अशा पाच झेपा झाल्या. पाच दिवस महाराज उपाशी. वर पाठीत उसण.

मग निरोप आला. हौसाक्का, ताबडतोब ये.

हौसाक्का गेली आणि गुहेच्या दारातच बसली.

"आत ये," महाराज कण्हत म्हणाले. "पाठ बघ."

"मला न्हाई बघता येत."

"का?"

"माझ्याकडं प्रमाणपत्र न्हाई. आपलाच हुकूम आहे, महाराज."

"मी उपाशी आहे हौसाक्का!"

"मीबी महिना झाला पंजे बांधून बसलेय. मला कुणी विचारलं?"

करकोचेसर आणि कुंदा कोपऱ्यात उभे होते. शेवटी महाराजांनी डरकाळी फोडायचा प्रयत्न केला, ती अर्ध्यात उसणीत अडकली, आणि ते म्हणाले, "द्या तिला प्रमाणपत्र. आत्ता."

सरांनी दिलं. त्यावर "विशेष अनुभव" असं लिहिलं. नापास कसं लिहिणार?

हौसाक्काने पंजा टेकवला. दोन ओव्या, थांबून दोन ओव्या, मग खांद्यापासून कमरेपर्यंत सावकाश. चौथ्या दिवशी महाराज उठले, गुहेतून सरळ बाहेर पडले आणि सरळ समोरच्या रानडुकराच्या अंगावर पडले. रानडुक्करही डावीकडेच पळत होतं, त्यामुळे फार कष्ट पडले नाहीत.

पोट भरल्यावर महाराजांना राग आला. वाघांचं असंच असतं.

"मला वाकडं कोणी केलं?"

"कातळानं," हौसाक्का म्हणाली. "त्याला उतार आहे. हे मी अठराव्यांदा सांगतेय."

करकोचेसर पुढे आले. फार अदबीने वाकले, एका पायावर.

"महाराज, उद्घाटनाला आपण त्याच कातळावर उभे होता. सगळ्या जंगलाने पाहिलं. आपण तेव्हा तिरके उभे होता, असं बाईंचं म्हणणं आहे का?"

महाराजांनी हौसाक्काकडे बघितलं. हौसाक्काने महाराजांकडे बघितलं.

"व्हय," हौसाक्का म्हणाली. "तसंच म्हणणं आहे."

गुहेत कुंदाच्या हातातली वही खाली पडली.

महाराज मिशीवरून पंजा फिरवत बसले. हौसाक्काला खावं, तर पाठ कोण बघणार? तिचं खरं मानावं, तर वाघ तिरका ठरतो. मग त्यांनी मोठ्या राजांनी करावं तेच केलं. चौकशी समिती नेमली. अध्यक्ष करकोचेसर, सचिव कुंदा. दोन दिवसांत अहवाल आला. कातळ समतल आहे. रेघा सरळ आहेत. महाराज तर सरळ आहेतच. केंद्राच्या संपूर्ण इतिहासात रेघेला लागायला नकार देणारा एकच इसम सापडला, आणि त्याला लटकलेला बघून पेशंटांची नजर बिघडली, म्हणून ते वाकडे चालतात.

हौसाक्का म्हणाली, "आग लागो तुमच्या अहवालाला!" पण तिचा पंजा आता मोकळा होता आणि जांभळीपासून ओढ्यापर्यंत रांग लागली होती. सगळ्यात पुढे तात्या गवा. त्याच्या मागे बावीस गवे. त्यांच्या मागे, तोंडावर पान धरून, कुंदा माकडीण. तिची स्वतःची पाठ रोज त्या कातळावर उभं राहून गेली होती.

"वही आणलीस का?" हौसाक्काने विचारलं.

"नाही आक्का."

"मग ये. पालथी पड."

केंद्र अजून चालू आहे. थंडी सरल्यावर करकोचेसर सत्कार घेऊन उडून गेले. तिथून दर महिन्याला वीस जनावरं रेघेला लागून बाहेर पडतात आणि डावीकडे वळत वळत जांभळीखाली येतात. हौसाक्काला आता कोणी खोटारडी म्हणत नाही. ती कातळाचं नाव काढते, तेव्हा सगळे पालथे पडून "हं, हं" म्हणतात आणि घोरतात.

तात्पर्य : मुलांनो, पायाखालची जमीन तिरकी असेल तर गप तिरकं उभं राहावं, त्याला चांगली अंगस्थिती म्हणतात. पाठ दुखली तर खरं बोलणारीकडे जावं, पण तिचं ऐकू नये, नुसतं चोळून घ्यावं. आणि कोणी विचारलंच की हे सगळं वाकडं कोणामुळे झालं, तर वाघाकडे, करकोच्याकडे, कातळाकडे बघू नये. मान वर करावी, जो काही न करता सरळ लोंबतोय त्याच्याकडे बोट दाखवावं, आणि स्पष्ट आवाजात नाव घ्यावं : येसाजी वटवाघूळ.