क्लॅरीने हात वर केला

“दोनशे मीटर धावायचं, दोनशे पोहायचं, परत दोनशे धावायचं. सगळं आठ मिनिटांत,” तॅमसिनने सांगितलं. “क्लॅरी, हे मी तुम्हाला सांगतेय, याची मलाच लाज वाटते.”

“लाजू नकोस. घड्याळ नीट लाव,” क्लॅरी गुरगुरला.

क्लॅरी ट्रेगार एकाहत्तर वर्षांचा. बुराबी किनाऱ्याच्या जीवरक्षक क्लबातलं त्याचं हे पन्नासावं वर्ष. क्लबाची कप्तान तॅमसिन हिला पोहायला त्यानेच शिकवलेलं. दर हंगामाच्या आरंभी ही परीक्षा असायची. पास झालं तर जीवरक्षकाची लाल-पिवळी टोपी, नापास झालं तर किनाऱ्यावर क्लबाचे सॉसेज भाजत बसायचं. क्लॅरीला सॉसेज भाजायचे नव्हते.

त्याची बायको नोरीन वाळूत खुर्ची टाकून विणत बसली होती. एकतीस वर्षं ती या पाण्यात उतरली नव्हती. एकतीस वर्षांपूर्वी एका रविवारी, पोहण्याची सुरक्षित हद्द दाखवणाऱ्या दोन झेंड्यांच्या मधे पोहताना तिला टोपीतला नवरा दिसला आणि तिने कौतुकाने हात वर केला. क्लबाच्या भाषेत एक हात वर म्हणजे ‘वाचवा’. क्लॅरी तरंगता बोर्ड घेऊन सुसाट गेला, तिला काखेत धरून बाहेर काढलं आणि सगळ्या किनाऱ्यादेखत ओरडला, “पाण्यात हात वर करायचा तो बुडतानाच! एवढंही कळत नाही?”

नोरीन टॉवेल गुंडाळून मुकाट घरी गेली. नंतर ती येत राहिली, पण खुर्चीपुढे नाही. आपलं चुकलं हे क्लॅरीला माहीत होतं. सांगू आठवड्याने, असं त्याने ठरवलं. मग उन्हाळा संपल्यावर. मग तो विषयच जुना झाला, आणि जुन्या विषयाला हात घालायची त्याला हिंमत होईना.

धावणं झकास झालं. पोहताना मात्र अर्ध्यावर पोटरीत गोळा आला. हात वर करावा, तर टोपी गेली. समुद्रात काय, संसारात काय, त्याने कधी हात वर केले नव्हते. दोन घोट खारं पाणी पोटात गेल्यावर मात्र त्याने हात वर केला.

किनाऱ्यावर सगळा क्लब ‘क्लॅरीची पन्नास वर्षं’ असा फलक धरून उभा होता.

“अरे बघा, हात हलवतोय! म्हातारा पहिल्यांदा माणसात आला!” कुणीतरी ओरडलं.

चाळीस हात वर गेले. तॅमसिननेही हलवला. क्लॅरीने घाबरून दुसराही हात वर केला, तशा टाळ्या पडल्या.

एकट्या नोरीनने विणकाम फेकलं. “तो पाण्यातून कुणाला हाय करत नाही!” असं म्हणत तिने तॅमसिनच्या खांद्यावरची तरंगती नळी ओढली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी लाटेत शिरली.

“बुडतोयस, की हाय म्हणतोयस?” नळी त्याच्या काखेखाली सरकवत तिने विचारलं.

“नोरीन...”

“हाय म्हणत होतास, असं सांगते मी. मीच उगीच घाबरून आले म्हणेन. टोपी राहील तुझी.”

क्लॅरीने तोंडातलं पाणी थुंकलं. टोपी हातातोंडाशी आली होती.

“बुडत होतो,” तो म्हणाला. “आणि त्या दिवशी तू नुसतं हाय म्हणत होतीस. मला अर्ध्या वाटेतच कळलं होतं गं. पण सगळे बघत होते. माझं चुकलं.”

नोरीन पाय मारत त्याला किनाऱ्याकडे ओढू लागली. “एकतीस वर्षं लावलीस,” ती म्हणाली. “आणि परीक्षा म्हणे आठ मिनिटांची.” सगळी वर्षं वाया घालवल्याचं क्लॅरीला फार वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी क्लॅरी एप्रन बांधून सॉसेज भाजत होता. झेंड्यांच्या मधे नोरीन पोहत होती. तिने वळून पाहिलं आणि हसत हात वर केला. क्लॅरीने चिमटा हलवून उत्तर दिलं.

शिट्टी वाजली. तॅमसिन बोर्ड घेऊन धावली.

“अगं थांब! हाय म्हणतेय ती!”

“हात वर म्हणजे बुडतंय!” तॅमसिन धावता धावता ओरडली. “तुम्हीच शिकवलंत!”

नोरीनला काखेत धरून बाहेर आणलं गेलं. सगळा किनारा बघत होता. तॅमसिनने खडसावायला तोंड उघडलं, पण त्याआधीच सॉसेज जळते ठेवून क्लॅरी टॉवेल घेऊन धावत सुटला होता.