फुलासह निवडुंग, एक नग

सरस्वतीबाई कर्णिक मागच्या पडवीत कोलंबी सोलत बसल्या होत्या, तेव्हा त्यांचे यजमान कचेरीतून आले ते दोन्ही हातांत एक कुंडी धरून. छत्री काखेत, पगडी कपाळावर घसरलेली, आणि चेहऱ्यावर काशीहून गंगा आणल्याचा भाव.

"हे काय आणलंय?"

"साहेबांचं झाड आहे."

"निवडुंग आहे हा."

"साहेबांचा आहे," हरिहरराव म्हणाले, आणि त्यांच्या मते विषय तिथेच संपला.

आता १८८४ साली ठाण्यात निवडुंगाचा दुष्काळ होता अशातला भाग नाही. टेंभी नाका ओलांडला की कुंपणाकुंपणाला हवा तेवढा मिळे, तोही फुकट. गुरं शेतात शिरू नयेत म्हणून तो लावायचा, एवढाच त्याचा मान. घरात कोणी आणत नसे, कारण काटेरी झाड घरात आलं की नवरा-बायकोत भांडणं होतात अशी समजूत होती. ती खरी असल्याचं कर्णिकांकडे दहा मिनिटांत सिद्ध झालं.

पण हा निवडुंग साधा नव्हता. समुद्रापलीकडून आलेला, लिंबाहून जरा मोठा, गोल गरगरीत, अंगभर पांढुरके काटे. कचेरीचे मुख्य विल्मट साहेब, त्यांनी तो तीन वर्षं सांभाळला होता आणि तीन वर्षांत त्याने एक फूल दिलं नव्हतं. त्याच्या दोन भावंडांना साहेबांच्या माळ्याने केळीसारखं पाणी घालून आधीच मारलं होतं. साहेब आता दोन महिन्यांच्या फिरतीवर निघाले होते आणि त्यांना झाडाकडे बघणारा नको होता, झाडाला हात न लावणारा हवा होता. त्यांनी कचेरीभर नजर फिरवली. हरिहररावांच्या मेजावर एक अर्ज मागल्या दिवाळीच्या आधी जिथे ठेवला होता तिथेच अजून होता. साहेबांना माणूस सापडला.

हरिहररावांना मात्र आपली निवड हुशारीमुळे झाली असं वाटलं. वाटू द्यावं, कारण गरीब बिचारे सहा वर्षं हंगामी कारकून होते. दरवर्षी कायम होणाऱ्यांची यादी लागे, हरिहरराव ती खालून वर आणि वरून खाली वाचत आणि घरी येऊन न जेवता झोपत. सासरे प्रत्येक पत्रात शेवटी "कायम झालात काय?" असं विचारत, आणि त्यांना पत्रं लिहिण्याची फार हौस होती. जाताना साहेब म्हणाले होते की झाड जगलं, फुललं आणि ते फूल मला बघायला मिळालं, तर आल्यावर तुझ्या नावाचा विचार करू. सरकारने नुसतं "विचार करू" म्हटलं तरी हंगामी माणूस घरी पेढे सांगतो.

सूचना दोनच होत्या. ऊन भरपूर आणि पाणी आठ दिवसांनी एक पळी. बाकी काही करायचं नाही. काही न करणं हे काम हरिहररावांना कचेरीत उत्तम जमे, पण घरी आल्यावर त्यांना एकाएकी उत्साह चढला. पहिलं पाणी त्यांनी देवघरातल्या पळीने घातलं, त्यावरून घरात जे झालं ते झालं. मग ऊन वाढलं म्हणून आठाचे चार दिवस झाले, आणि चाराचा रोज सकाळचा नेम झाला. दुपारी झाडाला ऊन लागेल म्हणून ते जेवण अर्धं टाकून छत्री धरायला जात. नाक्यावर कोणी सांगितलं राख घाला, राख घातली. कोणी सांगितलं ताक घाला, ताकही घातलं. स्वतःच्या मुंजीत त्यांचे एवढे लाड झाले नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात निवडुंग बुडाशी पिवळा पडला आणि बोट लावलं तर मऊ लागू लागला. हरिहरराव पाटावरून उठून गेले आणि ओटीवर डोकं धरून बसले.

"संपलं सगळं," ते म्हणाले. "आता जन्मभर हंगामी."

सरस्वतीबाईंनी टोमणा गिळला. त्यांनी कुंडी उपडी केली, मुळाची कुजकी माती झटकली, कुजलेला भाग कोयत्याने साफ तासला आणि झाड चार दिवस नुसतं फडताळात कोरडं ठेवलं. मग खाडीची वाळू गोड्या पाण्यात धुऊन घेतली, त्यात विटेचा चुरा आणि चिमूटभर माती घालून त्यात ते बसवलं आणि कुंडी कठड्यावर, दिवसभर ऊन लागेल अशी ठेवली. यजमानांना कठड्याजवळ यायला बंदी झाली. पाणी पंधरा दिवस नाही. पुढे झाडाने मूळ धरलं, पिवळेपणा गेला आणि चैत्र लागता लागता त्याच्या डोक्यावर हरभऱ्याएवढी लोकरी कळी आली. हरिहररावांनी लगेच साहेबांना पत्र टाकलं की माझ्या देखरेखीखाली झाडास कळी धरली आहे.

चार दिवसांत कल्याणच्या मुक्कामावरून उत्तर आलं. मजकूर साहेबांनी आपल्या मराठीत सांगितलेला आणि बरोबरच्या कारकुनाने मोडीत उतरवलेला. मोडीत सगळे शब्द एका माळेत. कुठे तोडायचं ते वाचणाऱ्याने बघावं. मजकूर एवढाच होता: "झाडास फूल येतांच कळवा विलंब न करणें".

हरिहररावांनी तो तीनदा वाचला. "फूल आलं की झाड कळव्याला न्यायचंय," ते म्हणाले. "साहेबांचा पुढचा मुक्काम खाडीपलीकडे दिसतोय. पारसिकच्या डोंगराखाली तंबू पडणार असतील."

सरस्वतीबाईंनी कागद हातात घेतला. त्यांना बाळबोध आणि मोडी दोन्ही हरिहररावांनीच नव्या संसाराच्या हौसेत शिकवलं होतं, आणि त्याचा पश्चात्ताप यजमानांना अधूनमधून होत असे.

"अहो, कळवा म्हणजे सांगा. फूल आलं की पत्र टाका म्हणताहेत."

हरिहरराव हसले. अडाण्याकडे बघून सरकारी माणूस हसतो ते हसू. "सरकार कधी 'कळवा' म्हणत नाही. 'कळवा' हे तुम्ही माहेरी लिहिता. सरकार लिहितं 'कळविणें'. आता पुढे बघा, 'विलंब न करणें'. जो माणूस पुढे 'करणें' लिहितो तो मागे 'कळविणें' लिहिणार नाही? ज्या अर्थी 'कळवा' लिहिलंय, त्या अर्थी ते गाव आहे."

"साहेब मराठी बोलतो तेव्हा अर्धं सरकार आणि अर्धा खानसामा बोलतो, हे तुम्हीच सांगता ना?"

हरिहररावांनी तत्काळ कचेरीचे कागद बायकांनी वाचू नयेत असा ठराव केला आणि चर्चा बंद केली.

आठव्या दिवशी सकाळी फूल उमललं. गडद गुलाबी, झाडाच्या डोक्याहून मोठं, मधोमध पिवळा केसर. सरस्वतीबाई हातातलं टाकून कठड्याशी येऊन उभ्या राहिल्या. ज्याला आणताना घरात महाभारत झालं होतं त्याच्याकडे बघून त्या म्हणाल्या, "काय सुंदर आहे हो. आजचा दिवस तरी घरी राहू दे." पण विलंब न करणें असा हुकूम होता. सहा वर्षांत हरिहररावांनी एक हुकूम तातडीने बजावायचं ठरवलं, आणि त्यांना नेमका हाच मिळाला.

चेंदणीच्या बंदरावर भिवाजी कोळ्याची होडी ठरली. कुंडी मांडीवर, छत्री फुलावर आणि ऊन स्वतःच्या डोक्यावर घेऊन हरिहरराव बसले. खाडीच्या मध्याच्या जरा पुढे होडी थांबली.

"वल्हव की रे," हरिहरराव म्हणाले.

"वल्हवायला पानी लागतं, राव," भिवाजी शांतपणे म्हणाला. "पानी गेलंय." ओहोटी लागली आहे हे त्याने निघतानाच सांगितलं होतं, पण तेव्हा हरिहररावांनी त्याला साहेबाचं नाव सांगून गप्प केलं होतं. खाडीला साहेबाचं नाव कोणी सांगितलं नसावं. शेवटी सरकारी कारकून धोतर खोचून, कुंडी डोक्यावर धरून, गुडघाभर चिखलातून कळव्याच्या काठाला लागले. एक जोडा खाडीत राहिला.

गावात तंबू नव्हता, साहेब नव्हते आणि साहेब येणार असल्याची कोणाला खबरही नव्हती. उलट चिखलाने भरलेला कारकून निवडुंग घेऊन आला हे बघून अर्धं गाव मागे लागलं. दाजी पाटील ओट्यावरून उतरले. त्यांनी कुंडीभोवती एक फेरी मारली.

"आमचेकडं निवडुंग काय कमी हाय, म्हून सरकारनं ठाण्यावरनं पाठवला?"

हरिहररावांनी समजावलं की ही साहेबांची चीज आहे, साहेब येईपर्यंत पाटलांनी ताब्यात घ्यावी आणि पोचपावती द्यावी. पाटील मुरलेले होते. उद्या फूल गळलं तर साहेब कोणाला विचारणार, असं त्यांनी विचारलं. पंचनामा करा, म्हणाले, तरच घेतो. पंचनामा म्हटल्यावर हरिहररावांच्या अंगात प्राण आला. त्यांनी पाच पंच बसवले, टाक काढला आणि दुपार होईपर्यंत त्या फुलाची अशी काही चौकशी केली की एखाद्या दरोडेखोरानेही कबुली दिली असती. "फुलासह निवडुंग, एक नग. फूल गुलाबी. पाकळ्या चाळीस, पैकी एक मुंगीनें खाल्लेली. रुंदी दाजी पाटलाचीं तीन बोटें. केसर पिवळें. वास नाहीं, एका पंचाचे मतें आहे." खाली सहीच्या जागी पाच जणांची निशाणी नांगर. पावती आणि पंचनामा खिशात घालून हरिहरराव भरतीच्या पाण्याने परतले आणि त्या रात्री बऱ्याच महिन्यांनी गाढ झोपले.

विल्मट साहेब कल्याणला पत्राची वाट बघत राहिले. गाडीने ठाणं जवळ, निरोप आला असता तर त्याच दुपारी येऊन फूल बघितलं असतं. चौथ्या दिवशी ते आपणहून आले आणि त्यांनी झाड मागवलं. झाड कळव्याहून आलं. तब्येत उत्तम होती, कारण सरकारी चीज म्हणून पाटलांनी त्याला पाण्याचा थेंब घातला नव्हता आणि कोणाला शिवू दिलं नव्हतं. फुलाच्या जागी मात्र सुकलेली चिंधी लोंबत होती.

साहेबांनी हरिहररावांना आत बोलावलं. मेजावर कायम करायच्यांची यादी होती, शेवटचं नाव कर्णिक, आणि साहेबांच्या हातात टाक होता. तीन वर्षं, साहेब म्हणाले, तीन वर्षं थांबलो. कळवा म्हणजे सांगा. मला सांगा. नाव खोडायला टाक दौतीत बुडाला. हरिहररावांनी घाईघाईने खिशातला पंचनामा काढून पुढे ठेवला. दुसरं काही जवळ नव्हतंच.

साहेबांनी वाचायला सांगितलं. हरिहरराव रडवेल्या सुरात वाचू लागले. चाळीस पाकळ्यांपाशी साहेबांनी हात वर केला, कोरा कागद ओढला आणि पुन्हा, सावकाश वाच म्हणाले. विलायतेतल्या झाडवाल्या शास्त्र्यांना या फुलाची हकीकत पाठवायची त्यांची हौस होती, आणि इतकी बारीक नोंद, तीही पाच साक्षीदारांची, त्यांनी स्वतः केली नसती. मुंगीनें खाल्लेली पाकळीसुद्धा त्यांनी उतरवून घेतली. दाजी पाटलाचं बोट किती रुंद, ते मोजायला एक शिपाई लगेच कळव्याला रवाना झाला.

लिहिणं झाल्यावर साहेबांनी विचारलं, की 'कळवा'चा खरा अर्थ एकाही माणसाच्या लक्षात येऊ नये?

आणि कचेरीत सहा वर्षांत पहिल्यांदा हरिहरराव खरं बोलले. "आमच्या मंडळींच्या लक्षात आला होता, साहेब. मी ऐकलं नाही."

बायकोला चारचौघांत मंडळी म्हणायचं, हे साहेबांना मराठी शिकवणाऱ्या मुनशीने कधी सांगितलं नव्हतं. त्याने शिकवलेली मंडळी म्हणजे कंपनी, सभा, कमिटी. साहेबांच्या भुवया वर गेल्या. एका हंगामी कारकुनाने कागद वाचायला घरी मंडळी नेमलीय? सभासद किती?

"एकच," हरिहरराव म्हणाले.

एका सभासदाची कमिटी साहेबांना फारच पसंत पडली. इतकी शहाणी कमिटी त्यांनी हिंदुस्थानात पाहिली नव्हती. त्यांनी तिथल्या तिथे शेरा मारला. कर्णिक यांस कायम करणें. यापुढें साहेबांचे मराठी कागद बाहेर जाण्याआधी कर्णिक यांचे मंडळीपुढें ठेवणें व मंडळीचा अभिप्राय घेणें.

हरिहरराव घरी आले ते उड्या मारतच. सासऱ्यांना पत्र गेलं, पेढे वाटले गेले, सरस्वतीबाईंनी सगळी हकीकत ऐकली आणि मंडळीचा भाग दोनदा सांगायला लावला. दुसऱ्या दिवशी हरिहरराव साहेबांचा तातडीचा कागद घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आले. सरस्वतीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"ठेवा तिथे."

"साहेबांना आजच हवाय."

"सगळ्यांना आजच हवा असतो," सरस्वतीबाई म्हणाल्या. "अर्ज आलाय, विचार करू."