कोट राह्यला!

जगप्रवासाला निघताना सामान किती न्यावं, असा प्रश्न कुणाला पडला असेल तर त्याने थेट माझ्याकडे यावं! मी भूगोलाचा मास्तर. उभी हयात रोहण्याच्या शाळेत जगाच्या नकाशावर छडी फिरवली. कैरो, टोकियो, सगळी शहरं छडीच्या टोकाने पाहिलेली. स्वतः मात्र नागपूरच्या पलीकडे गेलो नव्हतो. म्हणून रिटायर झाल्याबरोबर एका टूरवाल्याकडे अख्ख्या पृथ्वीला फेरी मारायला नाव नोंदवलं. आमच्या सौ. कमला विमानाला भितात, त्यामुळे मी एकटाच!

सामान म्हणजे खांद्याला अडकवायची एक बॅग. बस! कमलाने चिवडा, लाडू, ठेच्याची बरणी आणि एक गोधडी काढून ठेवली होती. मी ते सगळं परत फडताळात ढकललं. निघता निघता अंगातला कोटही उतरवला. लग्नातला लोकरीचा कोट तो, अंगावर वासरू घेतल्यासारखा जड.

"हा आपल्या वावरातल्या तानबाले देऊन टाक," मी म्हणालो. "जुने कपडे बी दे. टोपी बी दे. मले काईच नाई पाहिजे. बरं, जातो मी!"

"जातो नाई म्हनू. येतो म्हना."

"अवं, जाणारा मानूस जातोच म्हनन! शब्द कसा नेमका पाहिजे."

"दोन्ही शब्दाचं वजन सारखंच हाये," कमला म्हणाली. "येतो घेऊन गेले तं बॅग फाटन काय?"

मी हसलो, पुन्हा एकदा मुद्दाम "जातो!" म्हणालो आणि पुलगावच्या एसटीत बसलो.

मुंबईची गाडी रात्री होती. पुलगाव स्टेशनच्या बाकावर बसून मी ऐटीत खिसे चाचपले. तिकीट होतं, कंगवा होता. पासपोर्ट नव्हता! कुठे हरवू नये म्हणून मी तो फार सुरक्षित जागी ठेवला होता. कोटाच्या आतल्या खिशात!

जन्मभराची हौस तानबाच्या घरी गेली होती. धावत सुटलो आणि परत रोहण्याची एसटी पकडली.

दिवाळी उलटून गेली होती. फाट्यावर उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि वावरांवर धुकं उतरत होतं. लहानूच्या चहाच्या टपरीवर चारपाच जण बोलत बसलेले. मला पाहिलं आणि सगळे एकदम गप्प झाले.

"लहानू, अर्धा चहा मार. घाईत हाये."

लहानू माझ्याकडे टक लावून पाहत होता. मग त्याने हळूच मान खाली घातली. बाकीच्यांनी अंगावरची पांघरुणं आवळली.

"अरे लहानू, मी गुरुजी! ओळखलं नाई काय?"

लहानूने स्टोव्ह विझवला. शेजारच्याला तो पुटपुटला ते मला स्पष्ट ऐकू आलं. "ओ देऊ नको. तिकडं पाहू बी नको."

थट्टा असेल म्हणून मी हसून पाहिलं. माझं एकट्याचं हसू त्या धुक्यात फारच विचित्र वाटलं! तिथून मी जो निघालो तो तडक तानबाच्या वावराची पायवाट धरली.

तानबा आमचं वावर करतो आणि वावरातच झोपडी घालून राहतो. दोन्ही बाजूला डोक्यावर गेलेली ज्वारी. मी चाललो की ती सळसळायची. मी थांबलो तरी सळसळायची! पायवाट संपली, वावराचा धुरा म्हणजे बांध आला आणि समोर पाहतो तर धुऱ्यावर कुणीतरी उभं.

अंगात माझा कोट. डोक्यावर माझी टोपी. डावा खांदा माझ्यासारखाच खाली पडलेला. वारा आला तशी त्याची एक बाही हळूच वर झाली आणि त्याने मला बोलावलं.

मीच होतो तो!

त्याच्या पायाशी पणती जळत होती. पळसाच्या पानावर भात आणि दूध ठेवलेलं. असलं पान कुणासाठी वाढतात हे मला चांगलं ठाऊक होतं. मनात आलं, पुलगावच्या रस्त्यात एसटी उलटली तर नाही? आणि ते माझ्या लक्षातच आलं नाही? लहानूने चहा का दिला नाही, ते आता बरोबर जुळत होतं! मी स्वतःची नाडी पाहिली. सापडेना. खरं सांगतो, त्या क्षणी मला टोकियो नको होतं, कैरो नको होतं. मला फक्त कमलाकडे जाऊन "आलो" म्हणायचं होतं.

तेवढ्यात पणतीच्या उजेडात हात जोडून बसलेले तानबा आणि त्याची बायको सीताबाई दिसले.

"तानबा!" मी हाक मारली.

दोघांनी माना आणखी खाली घातल्या.

"तानबा रे!"

सीताबाईने त्याच्या तोंडावर हात दाबला. "तिसऱ्या हाकेबगर ओ देऊ नका!"

"तानबाऽऽ!"

आता तिसरी झाली. तानबा डोळे घट्ट मिटून, कापत कापत बोलला. "गुरुजी, काय राह्यलं जी तुमचं?"

"कोट राह्यला!"

"घ्या जी! घेऊन टाका! आनखी काई इच्छा?"

"पासपोर्ट पाहिजे!"

तानबाने एक डोळा उघडला. "तिकडं वरतं बी पासपोर्ट लागते काय जी?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी पुढे होऊन त्याला चांगला चिमटा काढला. तो ओरडला, मीही ओरडलो, आणि दोघांचीही खात्री पटली. झालं होतं असं की, तानबा दुपारी आमच्या घरी आला तेव्हा कमला डोळे पुसत बसली होती. त्याच्यापुढे कपड्यांचं गाठोडं ठेवून ती म्हणाली, "गुरुजी गेले."

"कवा?" तानबाने विचारलं.

"आत्ताच. हसत हसत गेले. संग काईच नाई नेलं."

"कोनीच नाई नेत बाई," म्हणून तानबाही रडला होता! शेवटी "मले खांदा द्याले काऊन नाई बलावलं?" असा रुसवा मनात धरून तो कपडे घेऊन निघाला. वाटेत लहानूला बातमी दिली. मेलेल्या माणसाचा कोट सीताबाई काही झोपडीत घेईना. म्हणून गाठोडं सगळं कडब्याच्या बुजगावण्याच्या अंगावर चढवलं.

मी बॅग बुजगावण्याच्या हातात अडकवली आणि कोटाची बटणं सोडायला लागलो. आतल्या खिशात पासपोर्ट जसाच्या तसा! तेवढ्यात फाट्याकडून एसटीचा हॉर्न आला. शेवटची गाडी! कोट अंगात चढवत, काटेकुटे तुडवत मी धूम ठोकली. घरावरून जाताना कमला दारात दिवा घेऊन उभी दिसली. मला पाहून तिने दिवा उंच धरला.

"येतो!" मी धावता धावता ओरडलो. "येतो, कमला! येतोऽऽ!"

तीनदा ओरडलो, म्हणजे कुणाला शंका नको!

गाडी मिळाली, विमानही मिळालं. विमानतळावरच्या बाईने विचारलं, "सामान?" मी ऐटीत खांद्यावर हात नेला. खांद्यावर काहीच नव्हतं. माझी बॅग बुजगावण्याच्या हातात!

तर मंडळी, मी अख्ख्या पृथ्वीला फेरी मारली ती अंगातल्या एका कोटावर. कोटातून कडबा गळत होता. बरोबरचे लोक म्हणायचे, हा माणूस प्रवासातला साधू आहे.

परत आलो तेव्हा ज्वारी निघाली होती. मोकळ्या वावरात बुजगावणं तेवढं उभं होतं. हातात माझी बॅग, तोंड पुलगावच्या रस्त्याकडे.

"रोज सांजच्याले पाहून येत होती मी," कमला म्हणाली.

मी जवळ सरकलो. "माझी आठवन येत होती?"

"कोनी बॅग नेते काय म्हनून!"

"मग घरी काऊन नाई आनली?"

चुलीत काटकी सारत ती म्हणाली, "गेलेल्या मानसाचं सामान बायको घरी आनते. तुमी तं येतो म्हनून गेलते ना?"

गुपचूप जाऊन बॅग घेऊन आलो. तेव्हापासून मी परसाकडे निघालो तरी आधी स्वयंपाकघरात डोकावतो आणि "येतो गं" म्हणतो!