नथ्थूजींची नापास कबुली

हुडकेश्वरच्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वसाहतीत, काहीही फुटलं, सांडलं, हरवलं तरी गुन्हेगार शोधावा लागत नाही. शेजारचे नथ्थूजी पराते स्वतःच फाटकाशी येऊन सांगतात, "म्या केलं. कबूल हाये, पुढचं बोला." कुणाचं मांजर हरवलं तर तेही त्यांनीच पळवलेलं. चार दिवसांनी ते आपल्या पायांनी परत आलं, तर म्हणाले, "नीट पळवता आलं नाही, तेबी कबूल हाये."

चाळीस वर्षं हातमागावर काढलेला माणूस. मागावर धागा तुटला की बसणाऱ्यानं आधी सांगायचं, ही त्यांची शिस्त. भांडायला गेलेल्याला ते खुर्ची देतात, चहा-चिवडा देतात. मीही दोनदा तावातावानं गेलो आणि तोंड पुसत परतलो.

गेल्या हिवाळ्यात कुणीतरी दगड मारून रस्त्यावरचा दिवा फोडला. पोलीस चौकशीला आले आणि नथ्थूजींनी आयतीच कबुली दिली. प्रकरण थेट कोर्टात. बहात्तराव्या वर्षी म्हातारा तुरुंगात जातो की काय, या धास्तीनं मी सोबत गेलो.

"काहून अडकता, नथ्थूजी?"

"आता बोलून बसलो गा."

न्यायाधीश मॅडमनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"कबूल हाये, पुढचं बोला."

"पुढचं तुम्ही बोला. कुणी धमकावलं? शिक्षा होऊ शकते, माहीत आहे?"

"कोणी नाही जी. माहीत हाये."

"मग दगड कसा मारला, दाखवा."

नथ्थूजींनी हात उचलला. मागावर आखडलेला खांदा; हात छातीशी येऊन अडकला.

"दिवा तर खांबावर होता."

"खांब वाकला असन, मॅडम."

सगळं कोर्ट हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "खोटी कबुली का देता?"

नथ्थूजींनी हात खाली घेतला. "बायको गेल्यापासून दारात कोणी येत नाही. गुन्हा कबूल केला का भांडाले तरी माणूस येते."

मॅडमनी कबुली नामंजूर केली. दुसरा पुरावा नव्हताच. पुढे ते सुटले. पण घरी येताना म्हणाले, "आपली कबुली नापास झाली गा." त्यानंतर फाटकाशी येणंच त्यांनी सोडलं. लेआउटमध्ये वस्तू फुटत राहिल्या, कबूल करायला कुणी नाही. मला माझीच लाज वाटली. पाच वर्षांचा शेजार, आणि भांडणाशिवाय मी त्यांच्याकडे कधी गेलो नव्हतो.

रविवारी मी माझी मोगऱ्याची कुंडी अंगणात आपटली आणि खापरं घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो.

"नथ्थूजी, कुंडी फोडलीत माझी."

त्यांनी खापरं पाहिली. मग माझे मातीनं भरलेले हात पाहिले.

"किती वाजता फोडली म्या?"

"आत्ताच, आठ वाजता."

"कबूल हाये," ते म्हणाले. "हात धुऊन घे गा, चहा मांडतो."