स्कॉटलंडवाले गावडे सर

शाळेतला फोन वाजला की गावडे सर म्हणायचे, "उचला राव, स्कॉटलंडचा फोन आलाय." पलीकडे पंचायत समितीचा कारकून असायचा. पण फोनची युक्ती काढणारा माणूस स्कॉटलंडात जन्मला, म्हणून जगातला प्रत्येक फोन स्कॉटलंडचा, असं त्यांचं गणित होतं.

महाळुंगे पडवळच्या हायस्कुलात मी मराठी शिकवायचो आणि ते विज्ञान. माणूस एकटा, खोली शाळेमागेच. जूनमध्ये अंगावर चढलेला रेनकोट दिवाळीपर्यंत उतरायचा नाही, कारण पाणी न शिरणारं तसलं कापडही तिकडचंच. माझी स्कूटर पंक्चर झाली की वैतागण्याआधी त्यांचं ऐकावं लागे. "टायरात हवा भरायची अक्कल कुणाची? सांगा की." टीव्ही तिकडचा, पेनिसिलिन तिकडचं. ती सगळी नावं मी विसरलो. सरांना जन्मगावासकट पाठ होती.

मंचरच्या शहाशेठना एकदा ते म्हणाले, "बाजार कसा चालतो हे जगाला नीट समजावणारा माणूसपण तिकडचाच."

शेठ कापड मोजता मोजता म्हणाले, "मग कांदा कधी वर जाईल म्हणतो तो?"

उद्या सूर्य उगवेलच याला पुरावा नाही, असं सांगणारा तिकडचा विचारवंत त्यांनी एकदा हेडमास्तरांना ऐकवला. हेडमास्तर म्हणाले, "असू दे. तुमचा पहिला तास मात्र अकराला आहे."

हे वेड कुठून लागलं, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नाशिक रस्त्यावरच्या पेठ गावाजवळच्या एका हॉटेलवाल्याचा निरोप आला, परदेशी नवराबायकोची गाडी बंद पडलीय, मिस्त्री यायला वेळ आहे, कुणी इंग्रजी बोलणारं पाठवा. पावणे स्कॉटलंडचे आहेत म्हणतात. सरांनी हातातला खडू तसाच खिशात टाकला. रस्ताभर स्कूटरवर माझ्यामागे बसून ते एकेक थोर नाव पुटपुटत होते.

पाहुणा सत्तरीचा, लालबुंद, बाकावर चहा पीत बसलेला. सरांनी विचारपूस केली आणि आनंदानं माझ्याकडे वळले. "एसटीचा डायवर व्हता म्हणतोय तिकडं."

आता शास्त्रज्ञांची यादी सुरू होणार म्हणून मी दुसरा चहा सांगितला. पण सर त्या माणसाशेजारी बसले आणि हळू आवाजात, इंग्रजी शब्द शोधत, भलतंच काही बोलू लागले. मी त्यांच्याबरोबर वीस वर्षं काढली होती, पण हे पहिल्यांदाच ऐकत होतो.

सर सात वर्षांचे असताना आई वारली. त्याच साली त्यांना न्यूमोनिया झाला. मिशनच्या दवाखान्यात स्कॉटलंडची एक नर्स होती. तिनं अकरा दिवस त्यांना उशाशी बसून पेज भरवली, ती मोडक्या मराठीत रागावलीही. बरे झाले तरी सर रोज दवाखान्यात जायचे. तीही त्यांना जवळ बसवून आपल्या देशाच्या गोष्टी सांगायची. कुणी फोन काढला, कुणी औषध शोधलं. दोन वर्षांनी ती कायमची मायदेशी निघाली. गाव निरोपाला जमलं. सर रुसून ज्वारीच्या पिकात लपून बसले. ती हाका मारत होती, ते ऐकत होते. गाडी गेल्यावरच बाहेर आले.

"त्यांच्या घरातनं समुद्र दिसायचा," सर पाहुण्याला म्हणाले. "तुम्हाला कुठं भेटल्या असतील का?"

म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला आणि नाव विचारलं.

 सर माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "नाव न्हाई ठाऊक. आमी सगळी सिस्टरबाईच म्हणायचो."

मी कसंबसं ते इंग्रजीत सांगितलं. म्हाताऱ्याच्या बायकोनं सरांच्या हातावर हात ठेवला. ती म्हणाली, आमच्याकडे पुष्कळ घरांतून समुद्र दिसतो. पण मी विचारत राहीन, म्हणाली.

मिस्त्रीनं गाडी चालू करून दिली. पाहुणे निघाले तसे सर उठून थेट रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. गाडी नाशिकच्या दिशेनं वळणाआड गेली, मागोमाग दोन ट्रक गेले, उसाचा ट्रॅक्टर गेला. सर हात हलवतच होते.