दगडूभाऊंचे पाहुणे

आमच्या कुसगावात लॅपटॉप मांडीवर न घेता पलंगावर झोपवणारा माणूस एकच, आमचे शेजारी दगडूभाऊ. पलंग लॅपटॉपला आणि भाऊ स्वतः खाली चटईवर.

त्या म्हाताऱ्या लॅपटॉपला त्यांनी सगळं बाहेरून जोडलंय. वेगळा कीबोर्ड, शेपटीचा माऊस, बाहेरचा कॅमेरा, लोणावळ्याच्या बाजारातून आणलेले स्पीकर. पिन खोचायच्या जागा दोनच, म्हणून मध्ये चार तोंडांचा हब. लॅपटॉपच्या मूळ बटणांवर खणाचा तुकडा अंथरलेला. एकूण थाट सलाइन लावलेल्या पेशंटचा.

पिन खोचली की लॅपटॉप ‘टुडुंग’ करतो. भाऊ खूश. “बसला पाहुणा!” पण आमच्याकडे पावसाळ्यात पापडच काय, पिनाही सादळतात. मग पडद्यावर पाटी येते, हे यंत्र ओळखीचं नाही. भाऊ पिन उपसतात, फुंकर मारतात, बनियनला पुसतात आणि लॅपटॉपला दटावतात, “काल तुझ्याच घरी जेवून गेला की रं! वळख दाव जरा.” थोडे रुसवेफुगवे होतात, मग टुडुंग.

मी हसते खरी, पण मला हसायचा काय हक्क? नवी नवरी असताना इस्त्री लावायला मी पायात रबरी चपला, हातात लाटणं आणि तोंडात रामनाम अशी जायचे. बटण लाटण्यानं दाबायचे. सासूबाई म्हणायच्या, “सूनबाई इस्त्री करतेय का साप मारतेय?”

“भाऊ, आतलं सगळं मेलंय तर नवा घ्या की,” मी टोचायचे.

“ऱ्हाऊ द्या वैनी. जोडलं की चालतंय.”

परवा त्यांची लेक मनीषा पुण्याहून नवा लॅपटॉप घेऊन आली. जुना दुकानात देऊन टाकायचा, असं ठरवूनच. साखर मागायच्या निमित्तानं मी जाऊन बसलेच. तिनं फटाफट सगळ्या पिना उपटल्या. भाऊ दाराची चौकट धरून उभे.

“आप्पा, फोटो तेवढे काढून घेते,” म्हणत तिनं खण बाजूला केला, आतली बटणं दाबली आणि थबकली. “अहो, ही सगळी चालतायत! आतला कॅमेरापण!”

“चालत्यात की. मी कवा न्हाई म्हणलं?”

मी खाली बघितलं. ‘आतलं मेलंय’ हे गावभर मीच केलं होतं.

“मग हा पसारा कशाला?”

भाऊ चौकट सोडून पलंगापाशी आले. “तुझी आय व्हती तवा तुझा व्हिडिओ कॉल आला की भाकरी टाकून उठायची, तुला ह्याच्यात बघायला. हात धू म्हणलं की माझ्यावरच खेकसायची. ते मोठं बटण बघ. फटीत पीठ हाय तिचं, कडंला हळद, वरच्या कॅमेऱ्यावरबी तिच्या पिठाच्या बोटाचा ठसा. मी रोज बोटं चालवली असती, तर ऱ्हायलं असतं का ते?”

मनीषाचं बोट बटणावर तसंच अधांतरी राहिलं. मी साखरेची वाटी उगाच या हातातून त्या हातात केली.

मग तिनं खण परत पसरला, कडा नीट केल्या. एकेक पिन जागेवर खोचली. कॅमेऱ्याची काही केल्या ओळख पटेना. तिनं त्याची पिन उपसली, फुंकर मारली, ओढणीला पुसली, पुन्हा खोचली.

टुडुंग.

“बसला पाहुणा,” ती हळूच म्हणाली, आणि वायरी सरकवून तिनं शेजारी जागा केली. दगडूभाऊ पलंगावर टेकले.