पीटची पाठवणी

ॲन आर्बरच्या सुसंवाद मराठी मंडळाने ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी ठराव क्रमांक सात एकमताने मंजूर केला. यापुढे मंडळाच्या कोणत्याही मंगलकार्यात पीट घातलेली कुंडी आणता येणार नव्हती. एकमत व्हायला दोन कारणं झाली. एक म्हणजे नुकतंच संपलेलं गिरिजाताईंचं कीर्तन आणि दुसरं म्हणजे बाहेर गार होत चाललेले बटाटेवडे.

गिरिजाताई सोमवार ते शुक्रवार दातांच्या डॉक्टर आणि शनिवार-रविवार कीर्तनकार. त्या दिवशी पूर्वरंगातच त्यांनी पीटला हात घातला. बागेच्या दुकानात पोत्यात मिळणारा तो हलका, तपकिरी भुसा म्हणजे साधी माती नव्हे; दलदलीतलं शेवाळ हजारो वर्षं थरावर थर साचून ते झालेलं असतं, वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. "एका आसनावर बसलेला तपस्वी आहे तो," ताई चिपळ्यांच्या ठेक्यावर म्हणाल्या. "जगाचा धूर पोटात धरून बसलाय, अंगावर पाखरं नांदवतोय. आणि आपण त्याला उठवतो कशासाठी, तर पेटुनियासाठी." पेटीवाल्याने सूर धरला, सभागृहाने मान डोलावली. त्र्यंबककाकांनी डोळे पुसले.

काकांचं आयुष्य एका मोटार कंपनीत ब्रेक तपासण्यात गेलं होतं. लेबल वाचल्याशिवाय ते औषधच काय, पाणीसुद्धा घेत नसत. घरी जाताच त्यांनी गॅरेजमधल्या पीटच्या पोत्याचं तोंड सुतळीने बांधलं आणि दुसऱ्या दिवशी तुळशीच्या कुंडीतलं सगळं जुनं मिश्रण काढून दारच्या मेपलच्या कुजलेल्या पानांचं खत भरलं. ऑगस्टच्या उन्हात चार दिवस तुळस रुसली, पाचव्या दिवशी तिला नवी पानं आली. विषय संपला, असं काकांना वाटलं.

ही तुळस साधी नव्हती. मिशिगनच्या थंडीत मंडळातल्या बाकी सगळ्या तुळशी दिवाळीआधीच माना टाकत. काकांची मात्र रोपं जगवायच्या जांभळ्या दिव्याखाली अकरा हिवाळे काढून बसली होती. त्यामुळे तुळशीच्या लग्नात दरवर्षी नवरी तीच आणि फेटा बांधून वधूपिता काका. काकांना दोन मुलगे, एक सिॲटलला आणि एक फोन न उचलणारा. कन्यादान करायला मिळायचं ते या तुळशीमुळेच. पाठवणीच्या वेळी काका खरोखर रडायचे, जरी नवरी त्यांच्याच गाडीतून त्यांच्याच घरी परत यायची तरी.

सप्टेंबरात ‘पीट साठा स्वयंघोषणापत्र’ आलं. ते रुचाने तयार केलं होतं. रुचा एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर आणि मंडळाच्या हरित सुकाणू समितीची अध्यक्ष. ‘आपल्याकडील साठ्याचा तपशील’ हा रकाना इतका लहान होता, की त्यात ‘निरंक’ हा एकच शब्द मावत होता. काकांनी पुरवणी जोडली: ‘पोतं एक, शिल्लक एक तृतीयांश. स्थळ: गॅरेज, स्नो ब्लोअरच्या मागे.’

"कशाला लिहिताय?" सरलाकाकूंनी विचारलं. "सेक्रेटरी आहे ना तो अमेय, त्याच्या गॅरेजमध्ये तीन पोती आहेत. गणपतीला गेले तेव्हा त्यांतल्याच एकावर पर्स ठेवली होती मी."

"त्याचं त्याच्यापाशी. कीर्तनात मी मान डोलावली होती, सरला."

"मान तर तिथे झोपलेले पण डोलावत होते."

एक्केचाळीस कुटुंबांपैकी चाळीसांचा साठा निरंक निघाला. आठवड्याभरात काकांना व्हिडिओ कॉलवर सुनावणीला बोलावण्यात आलं.

"काका, प्लीज पर्सनली घेऊ नका," रुचा म्हणाली. "पण आपण शंभर टक्के पीटमुक्त होणार होतो. प्रेस नोट ड्राफ्ट झाली होती. तुमच्यामुळे सत्त्याण्णव पॉइंट सहावर अडकलोय."

"कुंडीतलं मी केव्हाच काढलंय. पानांचं खत घातलंय."

"कुंडीचा इश्यू नाहीच. धारकाकडे साठा असेपर्यंत त्याची वनस्पती सशर्त अपात्र. कलम चार. आधी पोत्याची विधिवत विल्हेवाट लावा, मग तुळस क्लिअर."

"लावतो. कचऱ्यात देतो."

"नाही हो काका," अमेय म्हणाला. त्याच्या मागे धूसर केलेली पार्श्वभूमी होती. त्या धुसरातही तीन चौकोनी आकार दिसत होते. "लँडफिलमध्ये कार्बन सुटतो."

"मग बागेत पसरतो."

"तो वापर झाला."

"कुणाला देऊन टाकू?"

"ते वितरण."

"मग राहू दे गॅरेजमध्ये."

"ती साठेबाजी," रुचा हळुवार आवाजात म्हणाली. काकांबद्दल तिला खरंच वाईट वाटत होतं.

मार्ग अमेयने काढला. पोत्यावर उत्पादनाचं स्थळ कॅनडा असं छापलेलं होतं. म्हणजे पोतं मूळ स्थानी परत पाठवणं हाच एकमेव निष्कलंक उपाय. समितीने तो मंजूर केला आणि खर्च धारकाने सोसावा असं नमूद केलं.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी काकांनी पोतं व्हॅनमध्ये चढवलं. काकू चपला घालून बाहेर आल्या, त्या हातात हळदकुंकू घेऊनच.

"अगं, हे काय?"

"माहेरी चाललीय ना ती? रिकामी कशी पाठवू?" काकूंनी पोत्याला हळदकुंकू लावलं, तांदूळ आणि सुपारीने ओटी भरली, आणि थंडीचे दिवस म्हणून वर एक जुनं ब्लाऊजपीस गुंडाळलं.

डेट्रॉइटचा पूल ओलांडून पलीकडच्या चौकीवर काकांनी काच खाली केली. आत एक तरुण अधिकारी बसला होता.

"कॅनडात कशासाठी?"

"पाठवणीसाठी," हे इंग्रजीत कसं सांगावं ते काकांना सुचेना. "परत करायला आलोय."

"काय परत करायचंय?"

"तुमचं पीट."

अधिकाऱ्याने गाडीला एक फेरी मारली. कुंकू लावलेलं, ब्लाऊजपीस नेसलेलं, तांदूळ सांडत असलेलं पोतं त्याने बराच वेळ पाहिलं. मग वरिष्ठाला बोलावलं. वरिष्ठ बाई वयस्क आणि समजूतदार होत्या.

"सर, दुकानातच परत करायचं होतंत."

"दुकानात नको. दलदलीत. ज्या थरातून काढलंत त्या थरात."

"उघडलेल्या पोत्यातली माती देशात घेता येत नाही. त्यात अमेरिकेतले किडे असू शकतात."

"पण बाई, हे तुमच्याकडचंच आहे."

"होतं," बाई म्हणाल्या. "आम्ही ते विकलं."

पोतं परत नेण्याची कागदपत्रं होईपर्यंत काका बाजूच्या जागेत थांबले. समोरून अमेरिकेकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग सरकत होती. तिसऱ्या ट्रकवर काकांना ओळखीचं चित्र दिसलं, त्यांच्याच पोत्यावरचा तो हिरवा बगळा. ट्रकवर तसली शेकडो पोती होती. काकांनी नकळत हात जोडले.

परत आल्यावर प्रकरण आणखी बिघडलं. शंभर मैलांच्या प्रवासाचा धूर समितीने पोत्याच्या नावावर लिहिला, आणि काका आता ‘पुनरागत साठ्याचे धारक’ ठरले. लग्न आठ दिवसांवर होतं. तुळस अपात्रच राहिली.

"पण मुहूर्त चुकणार नाही, काका," रुचाने धीर दिला. "अमेयने अल्टर्नेट नवरी अरेंज केलीय."

ती नवरी प्लॅस्टिकची होती. पीट शून्य, माती शून्य, पाणी शून्य. तिला अहवालात पहिला क्रमांक मिळाला.

लग्नाच्या संध्याकाळी बाहेर तापमान उणे चार होतं. घरचा दिवा बंद पडलाय अशी काकूंना थाप मारून काकांनी तुळस गाडीत घालून आणली होती. एवढ्या वर्षांच्या नवरीला लग्नाच्या दिवशी एकटीला घरी ठेववेना. व्हॅनचा हीटर लावून तिला त्यांनी मागच्या सीटवर बसवलं, शेजारी तेच पोतं. ते उतरवायचा त्यांना धीरच झाला नव्हता. काका मात्र फेटा न बांधता सभागृहात शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

गिरिजाताईंचा पूर्वरंग संपला. मध्यंतरात बुक्क्याचं आणि माळेचं ताट घेऊन त्या बुक्का लावत लावत शेवटच्या रांगेपर्यंत आल्या. काकांच्या कपाळाकडे नेलेला हात थांबला.

"वधूपिता इथे मागे काय करतायत? आणि फेटा?"

"मी अपात्र आहे, ताई. पोतं आहे माझ्याकडे."

"कसलं पोतं?"

काकांनी सगळं सांगितलं. मग ताईंनी सभागृहाकडे वळून विचारलं, "पीट ज्यांच्या घरी खरंच नाही, त्यांनी हात वर करा. माळ घालते."

चाळीस कुटुंबांचे हात वर गेले. अमेयने दोन्ही हात वर केले.

ताईंनी हातातली माळ परत ताटात ठेवली. मंचावर प्लॅस्टिकच्या तुळशीशेजारी बाळकृष्ण तयार होऊन बसला होता. त्यांनी तो अलगद उचलला, डोक्यावर मफलर घेतला आणि थेट पार्किंगकडे चालू लागल्या. पेटीवालाही पेटी काखोटीला मारून मागोमाग निघाला, कारण ताई सुरात निघाल्या होत्या.

व्हॅनचं दार सरकलं. काकूंनी पर्समधून फेटा काढला. तो त्यांनी घरूनच आणला होता. अंतरपाट म्हणून समोरच्या काचेवर लावायचं चंदेरी सनशेड धरलं. पोतं करवली म्हणून होतंच, हळदकुंकवासकट. मंगलाष्टकं झाली, मेपलच्या पानांत रुजलेल्या त्या तुळशीवर अक्षता पडल्या, आणि काका मनसोक्त रडले.

एव्हाना सभागृह रिकामं होऊन पार्किंगमध्ये आलं होतं. नवरदेवच निघून गेल्यावर आत थांबून करायचं काय? रुचाने फोटो काढले. त्यांतला सगळ्यात चांगला फोटो वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर छापला गेला: ‘मिशिगनमधला आमचा पहिला संपूर्ण पीटमुक्त तुळशीविवाह’. करवलीला त्यातून कापून काढण्यात आलं. त्या संध्याकाळी जाताना समितीकडून प्रत्येकाला झेंडूचं एक रोप मिळालं. त्याच्या तपकिरी, कागदासारख्या कुंडीच्या बुडाशी काय छापलंय, ते काकांनी सवयीने वाचलं: कुंडीच दाबलेल्या पीटची होती. ते बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात काकूंनी त्यांचा हात दाबला.

"आता काही लिहू नका," त्या म्हणाल्या. काकांनी ते रोप करवलीच्या मांडीवर ठेवलं.

अहवालाच्या शेवटच्या पानावर तेच घोषणापत्र जोडलंय. या वर्षीपासून वाचकांनीही ते भरायचं आहे. तुमच्या बाल्कनीत ते गुलाबाचं रोप आहे ना, नर्सरीतून काळ्या पिशवीत आलेलं? उचलताना केवढं हलकं लागलं होतं ते तुम्हाला. जाऊ दे. रकाना लहानच आहे. तुम्ही काय लिहिणार ते समितीने आधीच गृहीत धरलंय.